कच्च्या कामाला जागा ठेवा

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलला मागच्या बाजूने एक खिडकी आहे. तिच्या लोखंडी ग्रीलला बाहेरची चौकट धरून आडव्या चार आणि उभ्या पाच पट्ट्या आहेत, म्हणजे तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत चार घरे. रविवारी सकाळी सहावी ते आठवीची दहा-बारा मुले या हॉलमध्ये गणितासाठी जमतात आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न या ग्रीलवरच विचारते: यात एकूण आयत किती दिसतात? चौरस हाही आयतच, हे आधी सांगून टाकते. "बारा" हे उत्तर तत्काळ येते. मागोमाग कोणीतरी बाहेरचा मोठा आयत धरून तेरा म्हणते, मग दोन-दोन घरांचे आयत दिसू लागतात, मग उभे, मग आडवे, आणि चाळिशीच्या आसपास सगळी मोजणी कोसळते, कारण कोणता आयत मोजून झाला आणि कोणता राहिला याचा हिशेब कोणाकडेच नसतो. त्या क्षणी एक वाक्य हमखास कानावर येते, "काकू, याचा फॉर्म्युला काय आहे?"

फॉर्म्युला आहे, आणि तो पुढे येईलच. पण तो इतक्या लवकर मागितला जातो, यातच स्पर्धेच्या गणिताची बहुतेक अडचण सामावलेली आहे. उत्तर येत नाही अशा अवस्थेत दहा-पंधरा मिनिटे नेमके काय करायचे असते, हे मुलांना सहसा कोणी दाखवलेले नसते. या लेखात मला तेवढेच समजावून सांगायचे आहे, आणि म्हणून हा लेख उत्तरांपेक्षा कच्च्या कामाविषयी जास्त आहे.

शाळेच्या पुस्तकातले उदाहरण आणि स्पर्धेतला प्रश्न यांत लागणारे गणित बहुतेक वेळा सारखेच असते. चार क्रिया, अपूर्णांक, विभाज्यतेच्या कसोट्या, मसावि-लसावि, कोन, क्षेत्रफळ आणि थोडीशी समीकरणे एवढ्या सामग्रीवर सातवी-आठवीपर्यंतचे जवळपास सगळे प्रश्न उभे राहतात. फरक असा की पुस्तकातल्या सरावसंचावर प्रकरणाचे नाव छापलेले असते. लसावि-मसाविच्या प्रकरणात बसलेल्या मुलाला दोहोंपैकी काय काढायचे एवढाच निर्णय घ्यायचा असतो, तर स्पर्धेच्या प्रश्नावरून ते नाव पुसून टाकलेले असते आणि कोणते हत्यार काढायचे हे ठरवणे हाच प्रश्नाचा मोठा भाग होऊन बसतो. हा निर्णय मनातल्या मनात होत नाही. तो कागदावर, खाडाखोड करत, दोन-तीन चुकीच्या वाटांनी जाऊन होतो.

मी ठाण्यात शिकले. आमच्या वेळी पानाच्या उजव्या कडेला रेघ मारून त्या अरुंद पट्टीत कच्चे काम करायचे आणि उत्तर आले की त्यावर तिरकी रेघ ओढायची, अशी शिस्त होती. एकदा माझे कच्चे काम रेघ ओलांडून मुख्य भागात शिरले, म्हणून उत्तर बरोबर असूनही वहीवर "अस्वच्छ" असा लाल शेरा आला, आणि पुढे कितीतरी वर्षे कच्चे काम ही लपवायची गोष्ट आहे असेच मला वाटत राहिले. आता माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी दोनशे पानी वही आणायला सांगते. तिचे डावे पान संपूर्ण कच्च्या कामाचे आणि उजवे पक्क्या लेखनाचे असते, आणि डाव्या पानावर खोडरबर चालत नाही. चुकलेले तसेच राहू द्यायचे, कारण अर्ध्या तासाने त्यातलेच काहीतरी उपयोगी पडते.

तर ग्रीलकडे परत येऊ. डाव्या पानावर करायची पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न लहान करणे. तीन ओळी बाजूला ठेवून चार घरांची एकच ओळ घ्यावी. एका घराचे आयत चार, दोन घरांचे तीन, तीन घरांचे दोन आणि चारही घरांचा एक, म्हणजे एकूण दहा. ही मोजणी कोणीही न चुकता करतो, कारण तिला क्रम आहे. आता पूर्ण ग्रीलमध्ये एक ओळ उंचीचे आयत पाहिले, तर ते प्रत्येक ओळीत दहा, म्हणजे तीन ओळींत तीस. दोन ओळी उंचीचे आयत पहिली-दुसरी किंवा दुसरी-तिसरी अशा दोनच ठिकाणी बसतात, म्हणजे वीस. तिन्ही ओळी व्यापणारे दहा. एकूण साठ. ज्याची मोजणी चाळिशीत कोसळली होती त्याला हे साठ मिळाल्यावर जो आनंद होतो, तो फॉर्म्युल्यात साठ मिळाल्यावर होत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

यानंतरच मी दुसरी नजर दाखवते. प्रत्येक आयताला डावी आणि उजवी अशा दोन उभ्या पट्ट्या लागतात आणि वरची व खालची अशा दोन आडव्या. म्हणजे पाच उभ्या पट्ट्यांतून दोन निवडायच्या आणि चार आडव्यांतून दोन. पाचांतून दोघांची निवड म्हणजे पाच जणांनी एकमेकांशी केलेली हस्तांदोलने: प्रत्येक जण चौघांशी हात मिळवतो, म्हणून पाच गुणिले चार म्हणजे वीस, पण प्रत्येक हस्तांदोलन दोनदा मोजले गेले, म्हणून दहा. चारांतून दोघांची निवड त्याच रीतीने सहा. दहा गुणिले सहा, पुन्हा साठ. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की त्याला आपण ताळा पडला म्हणतो, आणि ताळा करण्याची जुनी सवय स्पर्धेच्या गणितात सोन्याच्या मोलाची आहे. शिवाय ज्या मुलाने फॉर्म्युला असा स्वतः शोधला, तो उद्या ठोकळ्यांच्या रचनेत इष्टिकाचिती मोजायला सांगितल्या तरी गोंधळत नाही, कारण तिथे फक्त तिसऱ्या दिशेची निवड वाढते हे त्याला आपोआप कळते.

वेळेचा मुद्दा इथेच सांगून टाकते, कारण पालकांचा पहिला आक्षेप तोच असतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यात अशी चिंतनाची चैन परवडत नाही, हे खरे आहे. पण पुढची पायरी पाहा. आपल्याकडच्या गणित ऑलिंपियाडची सूत्रे जिथून हलतात ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वाशीच्या खाडीपुलापलीकडे, मानखुर्दला आहे. त्या ऑलिंपियाडच्या पहिल्या चाळणी परीक्षेत तीन तासांत ३० प्रश्न असतात, म्हणजे प्रत्येकी सहा मिनिटे. आणि आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये, जे १९५९ साली रुमानियात सुरू झाले, ज्यात भारत १९८९ पासून उतरतो आणि जे १९९६ साली मुंबईतही भरले होते, दोन दिवसांत मिळून फक्त सहा प्रश्न असतात आणि रोज साडेचार तास दिले जातात, म्हणजे एका प्रश्नाला दीड तास. गणित जितके वरच्या दर्जाचे तितका विचाराला वेळ जास्त, अशी ही शिडी आहे. ७२ सेकंदांच्या पायरीवर जलद पळणाऱ्या मुलाला वरच्या पायरीवर बसायचे कसे हे ठाऊक नसेल, तर त्याचा वेग तिथे काही कामाचा नाही. उलट, बसून विचार करण्याची सवय असलेल्या मुलाला सरावाने वेग आणता येतो.

आता आकृती काढण्याविषयी. पुढचा प्रश्न आमच्या रोजच्या गाडीचा आहे. ठाणे ते वाशी लोकलला बरोबर ३० मिनिटे लागतात आणि दोन्ही टोकांहून दर १० मिनिटांनी एक गाडी सुटते, असे समजा. (प्रत्यक्ष वेळापत्रक इतके गुणी नाही.) तुम्ही ठाण्याहून ८ वाजताच्या गाडीत बसलात, तर वाशीला पोहोचेपर्यंत समोरून येणाऱ्या किती गाड्या वाटेत भेटतील? ठाण्यात आणि वाशीत उभी असलेली गाडी धरायची नाही. तीस भागिले दहा बरोबर तीन, हे उत्तर इतके सहज सुचते की अनेक मोठी माणसेही तेच देतात. चूक कुठे होते हे कागदावर एक रेघ ओढून तिच्या एका टोकाला ठाणे आणि दुसऱ्या टोकाला वाशी लिहिले, की लगेच दिसते. तुम्ही ८ वाजता निघता तेव्हा ही रेघ मोकळी नसते. ७:४० ला आणि ७:५० ला वाशीहून सुटलेल्या गाड्या आधीच वाटेत असतात. ७:३० ची गाडी तुम्ही निघता त्याच क्षणी ठाण्यात शिरते, तर ८:३० ची तुम्ही वाशीला पोहोचता तेव्हा सुटते, म्हणून या दोन वगळायच्या. उरल्या ७:४०, ७:५०, ८:००, ८:१० आणि ८:२० च्या, म्हणजे पाच.

याचाही ताळा करता येतो. एक गाडी भेटल्यानंतर तिच्यामागची गाडी तुमच्यापासून १० मिनिटांच्या अंतरावर असते, पण ती तुमच्याकडे येते आणि तुम्ही तिच्याकडे जाता, म्हणून भेट पाचच मिनिटांत होते. भेटी ८:०५, ८:१०, ८:१५, ८:२० आणि ८:२५ ला, पुन्हा पाच. हे कोडे जुने आहे. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी ते अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर घातले होते. जहाजापेक्षा लोकल आपल्या मुलांना जवळची, एवढाच मी बदल केला आहे.

काही प्रश्न पुढून सोडवायला गेले की अपूर्णांकांचे जंगल लागते आणि मागून आले की दोन ओळींत संपतात. याच मार्गावर गजरे विकणाऱ्या एका बाईने ऐरोलीला टोपलीतले निम्मे गजरे आणि वर एक विकला, रबाळ्याला उरलेल्यांतले निम्मे आणि वर एक, घणसोलीलाही तसेच केले, आणि कोपरखैरण्याला उतरताना टोपलीत तीन गजरे होते. सुरुवातीला किती होते? शेवटून निघावे: तीनात एक मिळवून दुप्पट केली की आठ, आठात एक मिळवून दुप्पट केली की अठरा, त्याच रीतीने अडतीस. उलट क्रियांनी मागे जाण्याची ही रीत भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत सांगितलेली आहे, त्यामुळे ती क्लासची ट्रिक म्हणून खपवली जाते तेव्हा मला थोडी गंमत वाटते.

माझा सर्वांत आवडता प्रश्न मात्र चिठ्ठ्यांचा आहे आणि त्यावर मी पूर्ण रविवार घालवते. १ ते १० हे अंक दहा चिठ्ठ्यांवर लिहायचे. त्यातल्या कोणत्याही दोन उचलायच्या, मोठ्यातून लहान वजा करायचा, त्या दोन्ही चिठ्ठ्या फाडायच्या आणि वजाबाकीची नवी चिठ्ठी ठेवायची. प्रत्येक वेळी एक चिठ्ठी कमी होते, म्हणून नऊ वेळा हे केले की एकच उरते. तिच्यावर कोणता अंक असेल?

मुले जोडीजोडीने बसतात आणि हॉलच्या फरशीवर कागदाचे कपटे पसरतात. एका जोडीला ३ मिळतो, एकीला ७, एकीला १. "काकू, याला एक उत्तर नाहीच," अशी तक्रार येते आणि ती रास्त असते. मी सगळी उत्तरे फळ्यावर ओळीने लिहीत जाते आणि गप्प बसते. मागच्या पावसाळ्यात सातवीतली एक मुलगी त्या ओळीकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "सगळे विषमच का आहेत?" पूर्ण सत्रातला सर्वांत मोलाचा क्षण हा. मी तिला फक्त दोन आणून दाखव म्हटले. वीस मिनिटे तिने आणि तिच्या जोडीदाराने शेवटी दोन उरावा म्हणून झटापट केली आणि मग कपटे बाजूला सारून वही उघडली.

जे घडते ते असे. सुरुवातीला सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज ५५ असते, म्हणजे विषम. समजा आपण ८ आणि ३ उचलले. ते दोन गेल्याने बेरीज ११ ने कमी झाली आणि ५ ची चिठ्ठी आल्याने पाचने वाढली, म्हणजे एकूण ६ ने घटली. सहा म्हणजे लहान अंकाची, तीनची, दुप्पट. कोणतेही दोन अंक घेतले तरी बेरीज नेहमी लहान अंकाच्या दुपटीनेच घटते, आणि दुप्पट ही सम संख्याच असते. विषम संख्येतून सम संख्या कितीही वेळा वजा केली तरी विषमच उरते, म्हणून शेवटच्या चिठ्ठीवर शून्य, दोन, चार असे काही येणे शक्यच नाही. चिठ्ठ्या बदलत राहतात, बेरीज बदलत राहते, मात्र बेरजेचे विषमपण बदलत नाही. स्पर्धेच्या गणितातल्या पुष्कळ प्रश्नांची किल्ली अशा न बदलणाऱ्या गोष्टीत असते, आणि "यात काय बदलत नाही?" हा प्रश्न मुलाच्या डाव्या पानावर आपण होऊन येऊ लागला, की त्याची अर्धी तयारी झाली असे समजायला हरकत नाही.

इथे एक प्रामाणिक शंका हुशार मुले काढतात. विषमच येणार हे ठीक, पण सगळे विषम अंक खरोखर येतात का? ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वेगळी सिद्ध करावी लागते. ९ आणायचा असेल तर १० बाजूला ठेवून (९, ८), (७, ६), (५, ४), (३, २) अशा जोड्या लावाव्या, म्हणजे चार एक मिळतात, मूळचा एक धरून पाच. पाच एकांचे वजा करत करत एकच १ उरतो, आणि १० मधून तो गेला की ९. बाकीचे अंक वाचकांनी घरी करून पाहावेत. जे अशक्य आहे त्याचे कारण द्यायचे आणि जे शक्य आहे ते करून दाखवायचे, या दोन्ही बाजू पूर्ण झाल्याशिवाय उजव्या पानावर पक्के लिहायचे नाही.

सम-विषम म्हणजे दोनने भागल्यावर उरणारी बाकी. तीच कल्पना तीनला लावली की आणखी एक देखणा प्रश्न मिळतो: कोणत्याही पाच पूर्ण संख्या घ्या, त्यांतल्या तीन अशा सापडतातच की त्यांच्या बेरजेला ३ ने निःशेष भाग जातो. प्रत्येक संख्येची बाकी ०, १ किंवा २ असते, म्हणजे तीन खुराडी आणि पाच कबुतरे. तिन्ही खुराडी भरली असतील तर प्रत्येकातून एक घ्या, बाक्यांची बेरीज ० + १ + २, म्हणजे ३. एखादे रिकामे असेल तर पाच कबुतरे दोन खुराड्यांत बसली, म्हणजे एकात किमान तीन आहेत, आणि सारखी बाकी असलेल्या तीन संख्यांच्या बेरजेला ३ ने भाग जातोच. बाल्कनीला जाळी लावूनही कबुतरे कुठल्या कोपऱ्यात जमतात हे रोज पाहणाऱ्या नवी मुंबईकरांना हे तत्त्व समजायला जड जाऊ नये.

आता एक सावधगिरी, आणि ती सांगण्यासाठी आपल्याच जिल्ह्याच्या आठवणीत जावे लागेल. गणिती द. रा. कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, आणि डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले, पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि नंतर निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून राहिले. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा डौलदार संख्यांचा विचार त्यांना एका रेल्वे स्थानकावर सुचला आणि त्या स्थानकाच्या तेव्हाच्या इंग्रजी नावावरून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या असे नाव दिले. ते स्थानक म्हणजे आपले डोंबिवली. आजच्या डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून कोणाला संख्यांविषयी काही सुचत असेल, तर त्याच्या एकाग्रतेला नमस्कारच केला पाहिजे.

या संख्या म्हणजे १, ११, १११, ११११ यांचे वर्ग. मुलांना मी पहिले चार करायला सांगते आणि मग विचारते, नऊ एकांच्या संख्येचा वर्ग किती? डाव्या पानावरचा नमुना पाहून ती न गुणताच १२३४५६७८९८७६५४३२१ लिहितात, आणि ते बरोबर असते. त्यातल्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग, हेही कोणीतरी शोधते. मग मी दहा एक देते. मुले आत्मविश्वासाने मधे १० लिहून अंकांची बेरीज १०० होईल असे काहीतरी मांडतात. खरा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा आहे आणि त्यातल्या अंकांची बेरीज ८२ येते. नमुना मोडला, कारण मधल्या स्थानी दहा जमा होतात, तिथे हातचा येतो आणि तो डावीकडचे ९ ढकलून त्याचेही दहा करतो, मग आणखी एक हातचा. नऊ वेळा खरे ठरलेले दहाव्या वेळी खरे ठरेलच असे नाही, आणि ते का ठरत होते हे माहीत असलेल्यालाच ते कधी मोडेल हेही सांगता येते. नमुना दिसणे ही सुरुवात आहे. बहुपर्यायी परीक्षांच्या सवयीमुळे मुले नमुना दिसताच थांबतात, ही माझी कायमची तक्रार आहे.

कापरेकरांची दुसरी, जास्त प्रसिद्ध गोष्ट १९४९ सालची, ६१७४ या संख्येची. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लहान, आणि वजाबाकी करत राहावे. २०२६ घेऊ: ६२२० − ०२२६ = ५९९४, मग ९९५४ − ४५९९ = ५३५५, मग ५५५३ − ३५५५ = १९९८, मग ९९८१ − १८९९ = ८०८२, मग ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ च येत राहते. वाटेतल्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ आहे, म्हणजे प्रत्येकीला ९ ने भाग जातो. कारण सोपे आहे: संख्येला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागल्यावर उरते. मोठ्या आणि लहान मांडणीत अंक तेच असल्याने दोघींची बाकी सारखी आणि वजाबाकीत ती नाहीशी होते. अर्थात एवढ्याने ६१७४ येणारच हे सिद्ध होत नाही. त्यासाठी उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढी असते. अ − ड हा १ ते ९ असू शकतो आणि ब − क त्याहून मोठा होऊ शकत नाही, म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ संख्या शक्य उरतात. हजारो संख्यांची तपासणी ५४ वर आली, आणि ५४ संख्या आठवीतला मुलगा एका रविवारी हाताने तपासू शकतो. आमच्याकडे तिघांनी वाटून घेऊन ते केले.

घरी पालकांनी काय करावे, हे विचारले जाते म्हणून थोडक्यात लिहिते. दिवसाला वीस प्रश्नांपेक्षा एक प्रश्न द्यावा आणि तो रात्रभर सुटला नाही तरी चालू द्यावा. मूल अडले की उत्तरपुस्तिका उघडण्याऐवजी लहान संख्या घेऊन पाहिलेस का, आकृती काढलीस का, शेवटाकडून आलास का, काय बदलत नाही, एवढेच विचारावे आणि बाजूला व्हावे. उत्तर वाचावेच लागले तर वाचून पुस्तक मिटावे आणि दुसऱ्या दिवशी ते न पाहता उजव्या पानावर लिहून काढावे. जिथे लेखणी अडखळते तिथे ते समजलेले नसते. शिष्यवृत्तीच्या ७२ सेकंदांसाठीही हीच तयारी कामाला येते. ७ च्या २०२६ व्या घाताचे एकक स्थान विचारले, तर ज्याने ७, ४९, ३४३, २४०१ असे चार घात स्वतः लिहून ७, ९, ३, १ ही फेरी पाहिली आहे, तो २०२६ ला चारने भागून बाकी दोन आली म्हणून ९ असे उत्तर दहा सेकंदांत देतो आणि उरलेली बासष्ट सेकंदे पुढच्या प्रश्नाला देतो.

ग्रीलचे एक राहिले. या उन्हाळ्यात हॉलला एसी बसला, तेव्हा पाइप काढण्यासाठी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातले एक घर पत्रा ठोकून बुजवले गेले. माझ्या ते लक्षातही आले नव्हते. पुढच्या रविवारी मी नव्या मुलांना नेहमीचा प्रश्न विचारला आणि सहावीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, "काकू, पत्रा धरायचा की सोडायचा?" मी सोड म्हटले. तिने साठ कसे येतात हे शेजाऱ्याकडून समजून घेतले, मग कोपऱ्यातले घर ज्यांत येते असे आयत मोजले. तीन उंची आणि चार रुंदी, म्हणजे बारा. साठातून बारा गेले, अठ्ठेचाळीस. मग तिने विचारले की पत्रा मधल्या घरात ठोकला असता तर किती गेले असते, आणि उत्तराची वाट न पाहता वही घेऊन निघून गेली. आठवड्याने ती परत आली तेव्हा तिच्या डाव्या पानावर बारा घरांची ग्रील काढलेली होती आणि प्रत्येक घरात ते बुजवले तर जाणाऱ्या आयतांची संख्या लिहिलेली होती: पहिल्या ओळीत १२, १८, १८, १२, मधल्या ओळीत १६, २४, २४, १६, आणि खालची ओळ पुन्हा पहिलीसारखी. मधल्या ओळीतल्या एका २४ च्या जागी आधी २० लिहून त्यावर काट मारलेली होती.